माळकरी मांजर

जिन्याच्या वळणावर हेमांगीला आधी टोपली दिसली, मग टोपली धरलेले दोन हात, आणि मग टोपलीवर बांधलेल्या फडक्याखालून एक केविलवाणा आवाज आला. आवाज तिच्या ओळखीचा होता.

ती जागची हलली नाही. कोपरी गावातल्या त्या जुन्या चाळीचा जिना एवढा अरुंद, की एकजण थांबला की दुसऱ्याने नाम घेत उभं राहावं, दुसरा इलाज नाही.

"जरा बाजूला होता का?" टोपलीवाला म्हणाला.

"बुक्कीला कुठे नेताय?"

"तुम्ही कोण?"

"मी आधी विचारलं."

त्याने मान वर करून पाहिलं. परतीच्या पावसाने अर्धी भिजवलेली मुलगी, खांद्यावर मांजराच्या वाळूची जड पिशवी, कपाळाला चिकटलेली एक बट, गळ्यात तुळशीची माळ... आणि डोळे असे, की टोपलीच काय, आख्खा जिना अडवतील.

"मी यज्ञेश. वरच्या चंद्रभागाबाई माझ्या आजीची बहीण. मी तिला बय म्हणतो. आणि ही मॅडम आज बदलापूरला चालल्यात, ओळखीच्या फार्महाऊसवर. झालं समाधान?"

"आजींना माहीत आहे?"

त्याने टोपली जरा घट्ट धरली. बाहेर पन्हाळीचं पाणी दगडावर पडत होतं.

"एकादशी आहे," तो शेवटी म्हणाला. "शेजारीण हाताला धरून तिला देवळात घेऊन गेलीये."

"म्हणजे चोरी."

"चोरी काय, घरातलंच मांजर आहे. अहो, मागच्या महिन्यात बय हिला अडखळून पडली. गुडघे आधीच गेलेत. बाबा म्हणतात, मांजर गेलं की बय येईल आमच्याकडे डोंबिवलीला. मानपाड्याला आमचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. इथे एकटी पडून राहिली तर कळणार कोणाला?"

"मला," हेमांगी म्हणाली. "मी एक दिवसाआड येते. वाळू बदलते, नखं कापते, डॉक्टरकडे नेते. आमचा ‘सोबती’ नावाचा गट आहे. म्हातारी, आजारी माणसं असतात, जनावराचं करायला हातात ताकद राहत नाही, पण जनावर गेलं तर उरलेली ताकदही जाते. अशांचे आम्ही हात होतो. जनावर घर सोडत नाही."

"भारी आहे. पण बय पडली."

"त्यानंतर मी हिच्या गळ्यात घुंगरू बांधलंय. ऐकू येतंय ना? ठेवा टोपली खाली."

का कोण जाणे, त्याने ठेवली. बहुतेक त्यालाही नेववत नव्हतंच. हेमांगीने फडक्याची गाठ सोडली आणि बुक्की बाहेर आली. शुभ्र पांढरी, कपाळावर मात्र काळा ठिपका, कीर्तनाला बसलेल्याच्या कपाळी बुक्का लावावा तसा. त्यावरूनच आजीने नाव ठेवलेलं.

"नाव बुक्की, मारते मात्र पंजा," यज्ञेश मनगटावरचा ओरखडा दाखवत म्हणाला.

हेमांगी हसणार होती. तेवढ्यात बुक्कीने दोन पावलं टाकली आणि ती थेट कठड्याच्या खांबावर आपटली. थबकली. वळली, आणि भिंतीवर.



हेमांगी वर्तकनगरात चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघायचं, हेच तिचं काम. तिने मोबाईलचा उजेड बुक्कीच्या डोळ्यांवर धरला. काळ्याभोर मोठ्या बाहुल्या तशाच राहिल्या. केसभरही आकसल्या नाहीत.

"ही..." तिने उजेड बंद केला. "घरात ही कधी आपटत नाही हो. दीड खोली आहे, सगळी पाठ आहे तिला. म्हणून मला कळलंच नाही."

"फार्महाऊसवर सोडलं असतं तर?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. त्याने निमूटपणे टोपली उचलली. "डॉक्टर कुठे बसतात तुमचे? चला."

*

डॉक्टर दर्शना तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलायच्या. त्यांनी बुक्कीच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, मग विचारलं, "खायला काय घालता?"

"दूधभात. वरणभात. एकादशीला भगर."

"मांजराला भगर?"

"दाण्याची आमटी नाही घालत," हेमांगी घाईने म्हणाली. यज्ञेशने खोकल्यासारखं करून तोंड फिरवलं. "आजी माळकरी आहेत, डॉक्टर. नवरा वारल्यावर माळ घातली. घरात मासळी येत नाही. म्हणून बुक्कीलाही बाहेर सोडत नाहीत, कुठे तोंड घालेल म्हणून."

दर्शनाने नळी कानातून काढली. "मांजराला मांस लागतंच, हेमांगी. त्यात एक द्रव्य असतं, ते हिच्या शरीराला आपलं आपण नीट बनवता येत नाही. ते मिळालं नाही की डोळ्यांचे पडदे जातात. ते गेले. ते आता परत येणार नाहीत. आणि हृदय सैल पडतं. तेही पडलंय." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "ते मात्र अजून सावरेल. औषध देते, पण रोज मासळी नाहीतर कोंबडी पोटात जायला हवी. नाही गेली, तर फार दिवस धरू नका."

बाहेर मेडिकलच्या पत्र्याखाली ते दोघं टोपली मधे ठेवून उभे राहिले. पाऊस थांबत नव्हता.

"सोपं आहे," यज्ञेश म्हणाला. "बयला सांगायचं."

"सोपं?" हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या बय सगळ्या गल्लीला काय सांगतात माहिती आहे? म्हणे माझी बुक्की माळकरी आहे. संध्याकाळी हरिपाठाला बसतात ना, तेव्हा ही समोर येऊन बसते. डोळे मोठे करून, पापणी न हलवता. उंदीर गेला तरी ढळत नाही. बायका पाया पडायला येतात. आणि माळ त्यांनी माझ्या बाबांच्या हातून घेतलीये. सीतारामबुवा, कीर्तनकार. बाबांनी मागे भर कीर्तनात बुक्कीचा दृष्टान्त दिला. म्हणाले, एवढंसं जनावर नामात रंगतं, आपण कधी रंगणार?"

यज्ञेशचं हसू विरलं. "आणि ती आंधळी झालेली म्हणून बसत होती."

"आता सांगा जाऊन. सांगा, बय, तुमच्या व्रतापायी हिचे डोळे गेले."

त्याने टोपलीचं फडकं पावसापासून नीट सारखं केलं. मग म्हणाला, "म्हावरं मी आणतो. कोळ्याचा पोर आहे, बाकी काही नाही जमलं तरी तेवढं जमेल. पण बयच्या उंबऱ्याच्या आत नाही न्यायचं."

"वर गच्ची आहे. पाण्याच्या टाकीमागे आडोसा आहे."

"बय एकदा हरिपाठाला बसली की चाळीला आग लागली तरी उठत नाही. तेवढ्या वेळात. आणि बाबांना मी कार्तिकी एकादशीपर्यंत थोपवतो. तोवर मांजर धड दिसलं पाहिजे. नाहीतर ते स्वतः येतील, आणि ते जिन्यात कोणाचं ऐकून घेणारे नाहीत."

"‘सोबती’चा पहिला नियम आहे," हेमांगी हळूच म्हणाली. "मालकाच्या पाठीमागे जनावराचं काहीही बदलायचं नाही."

"मग?"

तिने माळेचे मणी बोटांत धरले, सोडले. "उद्या या. काटे काढून आणा."

*

आणि मग रोजच्या संध्याकाळी सुरू झाल्या.

खाली चंद्रभागा आजी दिवा लावून टाळ हातात घ्यायची. तिचा जाडसर, खाडीच्या वाऱ्यावर पोसलेला आवाज चढू लागला की हेमांगी बुक्कीला काखेत घेऊन चोरपावलांनी वर. यज्ञेश कंपनी सुटल्यावर मानपाड्याहून आलेला असायचा, हातात स्टीलचा डबा. उकडलेल्या बांगड्याचा वास आला की बुक्की असा काही आवाज काढी, की हेमांगीला तिचं तोंड धरावं लागे.

"तुम्ही नाक नका धरू, मांजराचा अपमान होतो," तो म्हणायचा.

"मी वाऱ्याच्या दिशेने उभी आहे. नाक नाही धरलेलं."

"ओढणी कशाला मग?"

"थंडी आहे."

"ऑक्टोबरात?"

ती ओढणीआड हसायची. त्याला ते डोळ्यांत दिसायचं आणि तो काटा शोधायचं विसरायचा. खालचा टाळ थोडा जरी थांबला तरी दोघं श्वास रोखत. जिन्यावर पाऊल वाजलं की डबा टाकीमागे, मांजर ओढणीत, आणि दोघंही कोपरीच्या आकाशाकडे बघत उभी. एकदा शेजारीण कपडे काढायला आली, तर यज्ञेश चक्क म्हणाला, "चंद्र बघतोय." ढगांत चंद्राचा पत्ता नव्हता. शेजारणीने दोघांकडे असं काही पाहिलं, की हेमांगीचे कान तापले. तिला मांजर लपवायचं होतं, पण लपलं भलतंच काहीतरी होतं... किंवा लपलं नव्हतं.

एका संध्याकाळी तो आला तो उजव्या हाताच्या बोटांना पट्टी बांधून. मशीनमध्ये सापडली होती, थोडक्यात वाचलेला. डब्यातली मासळी आख्खीच होती. डाव्या हाताने काटा निघेना. बुक्की ओरडत होती, आणि खाली हरिपाठ शेवटाकडे आलेला.

हेमांगीने बाही वर केली.

"अहो, तुम्ही..." तो थबकला. "माळ आहे तुमच्या गळ्यात."

"बोलू नकोस. मधला काटा कुठून धरायचा ते दाखव."

तिच्या तोंडून अरे-तुरे आलं ते तिलाच नंतर कळलं. त्याने पट्टीचं बोट तिच्या बोटाशेजारी टेकवलं. "इथून. शेपटीकडून ओढ. हळू." पांढरं मांस सुटं झालं. जन्मात कधी माशाला हात न लावलेली ती, पाणी आलेल्या डोळ्यांनी एकेक तुकडा बुक्कीच्या तोंडाशी धरत राहिली. बुक्की तिची बोटं चाटत होती. यज्ञेश मासळीकडे बघत नव्हता.

"काय बघतोस?"

"काही नाही. चंद्र."

घरी जाऊन तिने साबण लावला, लिंबू चोळलं, राख लावली. बाबांच्या शेजारी जेवायला बसताना हात ओढणीआड ठेवला, आणि अर्ध्या पोळीवर उठली.

*

दिवाळी झाली. बुक्कीच्या अंगावर तकाकी आली. डॉक्टर दर्शनाने नळी लावून पहिल्यांदा मान डोलावली. एकादशी चार-दोन दिवसांवर आली होती, आणि सगळं जमून येईल असं हेमांगीला वाटायला लागलं, तेवढ्यात एका दुपारी आजीने तिला जवळ बसवलं.

"एक इचारू गो?" आजी पाय चोळत होती. "बुक्की हल्ली हरिपाठाला बसत नाय. दिवा लावला का दाराशी जाऊन ओरडते. मी डोळे मिटते, उघडते, तं ही जागेवर नाय. मागून कव्हातरी येते, नि तोंड फिरवून निजते."

हेमांगीच्या हातातली वाळूची चाळणी थांबली.

"मना वाटतं, माझंच काय तरी चुकलं. जनावराला कळतं गो. माझ्या तोंडात नाव हाय, पन आत काय नाय, ते तिला कळलं. म्हणून उठून जाते."

"आजी, तसं काही नसेल..."

"मग कसं हाय?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. हेमांगीला ते स्वच्छ कळत होतं, आणि तरी तिने चाळणी पुन्हा हलवायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून आजीने रात्रीचं जेवण सोडलं. आवाज आणखी उंच लावायची, टाळ आणखी जोरात, जणू दाराशी ओरडणाऱ्या त्या मांजराला परत बोलवायचं होतं. वर गच्चीत तो आवाज यायचा, फाटलेला. यज्ञेश डबा उघडायचा आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळायची.

"सांगू या," तो म्हणाला.

"एकादशी होऊ दे."

"रोज हेच बोलतेस."

"मग तू सांग. तुझी बय आहे."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

एकादशीच्या दुपारी आजीनेच फोन करून दोघांना बोलावलं. हेमांगी पोहोचली तेव्हा दारात गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. शेजारी तीच टोपली. आजी निरंकार उपाशी, खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. यज्ञेश समोर उभा.

"ने तिला बदलापूरला," आजी त्याला सांगत होती. "तुझा बाप सांगत होता तेच बरं. माझी भक्ती उणी पडली. जनावर जिथं बसायला मागत नाय, तिथं कोंडून कशाला ठेवू? नि मी पन येतंय डोंबिवलीला. आता हितं काय हाय माझं?"

यज्ञेशने हेमांगीकडे पाहिलं. जे अडवायला दोघांनी महिनाभर जीव टाकला होता, ते त्यांनीच दारात आणून ठेवलं होतं.

"बय, ऐक," तो पुढे झाला. "ती नामाला कंटाळली नाही. मी तिला वर न्यायचो. गच्चीवर. मासळी खायला घालायचो. माझं एकट्याचं डोकं, हिला काही माहिती नव्हतं."

"खोटं बोलतोय तो," हेमांगी म्हणाली. "मी नेत होते. हरिपाठ सुरू झाला की. काटेसुद्धा काढलेत मी."

आजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. रागावायला सुद्धा तिला वेळ लागत होता. "म्हावरं? माझ्या बुक्कीला?"

मग हेमांगीने सगळं सांगितलं. खांबावर आपटलेली बुक्की, दर्शनाने लावलेली नळी, हृदय, डोळे. सांगताना तिचा आवाज एकदाही वर गेला नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. आजीने बुक्कीला मांडीवर घेतलं. एक बोट तिच्या डोळ्यांसमोरून नेलं. परत आणलं. पुन्हा नेलं.

"उंदीर जायचा," ती पुटपुटली. "मी सगळ्यांना सांगत होते. उंदीर गेला तरी बघत नाय..."

बराच वेळ ती बुक्कीच्या कपाळावरचा काळा ठिपका अंगठ्याने पुसत राहिली, जणू तो लावलेला होता आणि निघणार होता.

"तू माळकरीन," ती हेमांगीला म्हणाली. आवाज अगदी खाली. "बुवांची पोर. मी नाव घेत बसलेली, नि तू माझ्या डोक्यावर म्हावरं खायला घालतंस. मना सांगितलं नाय. मी उपाशी मरत होते, तरी सांगितलं नाय. जा गो. तू पन जा रं."

*

दोघं जिना उतरून रस्त्याला लागली. देवळात संध्याकाळच्या कीर्तनाची तयारी चाललेली, कोणीतरी पखवाजाला कणीक लावत होतं.

"उद्या बाबा येतील न्यायला," यज्ञेश म्हणाला. "बय गेली, मांजर गेलं. मग तू कोपरीला कशाला येशील?"

"नाही येणार."

"आणि मी भेटायचं कुठे?"

"भेटायला कारण लागतं, यज्ञेश. आपलं कारण मांजर होतं."

"फक्त मांजर?"

तिने ओढणी खांद्यावर घट्ट ओढली. "तुझ्या घरी रोज मासळी शिजते. माझ्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. एका मांजराच्या पोटासाठी आपण एवढं खोटं बोललो. दोन घरांसाठी किती बोलायचं?"

ती रिक्षात बसली, तो तिथेच उभा राहिला. वळणावर तिने मागे पाहिलं नाही... पाहिलं असतं, तर उतरली असती.

घरी सीतारामबुवा कीर्तनाला निघायच्या तयारीत, फेटा बांधत होते. हेमांगीने दारातच सगळं सांगितलं, हात पुढे करून, जणू अजून वास असेल तर त्यांनी घ्यावा. बुवांच्या हातात फेट्याचा पदर तसाच राहिला. पोरीवर ते रागावले नाहीत. ते खाली बसले.

"मी दृष्टान्त दिला होता," ते म्हणाले. "लोक रडले होते."

त्या संध्याकाळचं कीर्तन त्यांनी कसंबसं उरकलं. सकाळी द्वादशीचं पारणं झालं न झालं तोच त्यांनी रिक्षा बोलावली. वर्तकनगरहून कोपरी येईपर्यंत ते ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होते, मधेच मान हलवत, मधेच बोटांवर ताल धरत. हेमांगीला कळलं, बाबा निरूपण बांधताहेत. आजीला समजावायचं, तर चुकून एकही शब्द दुखायला नको.

चाळीच्या गॅलरीत पाऊल ठेवलं आणि दोघंही थबकले.

चंद्रभागा आजी उंबऱ्याबाहेर पाटावर बसली होती. पुढ्यात शेजारणीकडून मागून आणलेली विळी, आणि विळीवर मासळी. हात इतके सराईत चालत होते, की माळ घातल्यावर इतकी वर्षं ते स्वस्थ बसले होते यावर कोणाचा विश्वास बसला नसता. तिनेच पहाटे फोन करून बोलावलेला यज्ञेश बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभा, आणि बोलणी खात होता.

"ह्याला म्हावरं म्हणतंस? कल्ला बघ, कसा काळा पडलाय. महिनाभर माझ्या पोरीला हे बर्फातलं घातलंस? कोळ्याचा ना तू?"

"बय, स्टेशनजवळ हेच मिळतं..."

"तोंड वर करून सांगू नको." मग तिला बुवा दिसले. विळी थांबली. तिने हात धुतले, दोन्ही हातांनी गळ्यातली माळ पुढे धरली, आणि बुवांनी रिक्षात जुळवलेलं सगळं निरूपण तोंडातच राहिलं.

"बुवा, रातभर इचार केला. माळ नि म्हावरं, मना दोन्ही जमत नाय. तुमच्या हातची माळ हाय, तुमच्याच हाताने काढा. देवाला सांगा, म्हातारीनं मांजरासाठी सोडली."

 हेमांगी एक पाऊल पुढे आली.

बुवा वाकले. "चंद्रभागाबाई, ही मासळी तुम्ही खाणार आहात?"

"शिव शिव. नाय."

"मग काढू कशाला? माळ मी तुमच्या गळ्यात घातली होती. मांजराला दिली नव्हती. तिनं मागितलीही नव्हती." पुढचं बोलताना त्यांचा कीर्तनातला भरदार आवाज बारीक झाला. "भूक लागलेलं जनावर आपल्यासमोर बसलं होतं. आपल्याला ते ध्यान वाटलं. पुढच्या कीर्तनात मी हेच सांगणार आहे."

आजीने माळ सोडली. ती जागेवर, गळ्याच्या खळग्यात जाऊन बसली. मग पदराने डोळे टिपून ती यज्ञेशकडे वळली. "बापाला फोन लाव. सांग, मी येत नाय. ह्या आंधळीला हे घर पाठ हाय. नवीन घर कव्हा पाठ होनार तिला?"

"लावला सकाळीच," यज्ञेश म्हणाला. "बाबा खूप बोलले. मी सांगितलं, बयला आणत नाही, मीच तिच्याकडे राहायला जातो. कोपरीहून मानपाडा काही परदेश नाही. आणि मासळी कापायला मीच बसेन, बाहेर, बयच्या देखरेखीखाली."

"नि तू गो," आजी हेमांगीला म्हणाली, पण नजर विळीवरच, "वाळू कोन बदलनार? का नुसतं उभं राहून बघतंस?"

हेमांगी आत गेली. चाळणी हातात घेतली तेव्हा तिला दिसेनासं झालं होतं, आणि बुक्की घुंगरू वाजवत, एकाही वस्तूला न आपटता, तिच्या पायाशी येऊन अंग घासत होती.

*

संध्याकाळी चाळीच्या अंगणात तुळशीचं लग्न होतं. बुवांनाच मंगलाष्टकांना थांबवून घेतलं. वृंदावनाला उसाचा मांडव, चिंचा, आवळे, पणत्या. आणि अंतरपाट धरायला कोण, म्हणताच त्या चंद्रवाल्या शेजारणीने बोट दाखवलं, "ही दोघं आहेत की."

एका टोकाला हेमांगी, दुसऱ्या टोकाला यज्ञेश. मधे पांढरं वस्त्र. बुवांनी सूर लावला आणि अंगणातली माणसं अक्षता मुठीत धरून उभी राहिली.

"हेमांगी," तो ओठ न हलवता म्हणाला, "काल तू विचारलंस, दोन घरांसाठी किती खोटं बोलायचं."

"श्श. अष्टक चाललंय."

"एकही नाही बोलायचं. मी माझ्या घरी सांगितलंय."

तिने कापडाचं टोक घट्ट धरलं. "काय सांगितलंस?"

"की मुलगी माळकरी आहे. बाबा म्हणाले, मग तुला मासे सोडायला लावेल." त्याने तिच्याकडे पाहिलं. पणत्यांचा उजेड खालून तिच्या हनुवटीवर आला होता. "लावशील?"

"नाही."

"मग शिजवून घालशील?"

"ते तर मुळीच नाही."

"मग काय करशील?"

बुवांचा आवाज चढत होता, अक्षता पडू लागल्या होत्या, एक तांदूळ तिच्या पापणीवर अडकला. तिने तो तसाच राहू दिला.

"तू शिजव," ती म्हणाली. "मी खिडक्या उघडते."

शेवटचं ‘सावधान’ झालं. अंतरपाट खाली आला, आणि दोघांच्या मधे काहीच उरलं नाही.